हरणांसाठी चराऊ पट्टा : रब्बीचे पीक वाचविण्याचा पूरक उपाय

बागलाण तालुका म्हटला की डाळिंब, कांदा आणि लवकर येणारी द्राक्षे डोळ्यांसमोर येतात. मोसम आणि आरम नद्यांच्या काठची बागायत, हरणबारी आणि केळझर धरणांचे पाणी आणि शेतकऱ्यांचे कष्ट यांवर ही शेती उभी आहे. परंतु सटाण्याच्या आसपास डोंगराच्या पायथ्याला, माळरानाच्या कडेला किंवा वनविभागाच्या जमिनीला लागून ज्यांची शेती आहे, त्यांचा एक प्रश्न बागेपेक्षा वेगळा आहे. पेरलेले उगवते, उगवलेले दोन पानांवर येते आणि एका रात्रीत ओळीच्या ओळी खुडलेल्या दिसतात. मग थंडीत शेकोटी पेटवून राखण करणे, पत्र्याचे डबे वाजविणे, जुन्या साड्या बांधणे असे उपाय सुरू होतात. काही जण रागाच्या भरात फास लावतात, तर काही जण तारेत थेट वीज सोडतात. यात जनावर मरते, कधी शेजारचा माणूस मरतो आणि शेतकरी तुरुंगात जातो.

या लेखात अशा नुकसानीवरील एका पूरक उपायाची माहिती दिली आहे. तो म्हणजे हरणांसाठी पिकापासून दूर राखलेला गवताचा व द्विदल चाऱ्याचा पट्टा. हा उपाय एकट्याने पुरेसा नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. मात्र कुंपण, राखण आणि पाणवठा यांच्या जोडीने तो केला, तर पिकावरचा ताण कमी होण्यास मदत होते. शिवाय पड जमिनीवर गवत वाढते आणि गुरांना कापून आणण्यासाठी चाराही मिळतो.

परदेशातील पद्धत आणि आपली परिस्थिती

अमेरिकेत शेतकरी व जमीनमालक शिकारीच्या हंगामापूर्वी हरणांसाठी मुद्दाम चाऱ्याचे पट्टे पेरतात. तेथे हरणांच्या शिकारीचा हंगाम साधारणपणे शरद ऋतूत सुरू होतो. त्याआधी उन्हाळ्याच्या शेवटी ओट, गहू, क्लोव्हर, सलगम यांसारखी पिके लहान तुकड्यांत पेरली जातात. जंगलातील पाला जून व कडक होतो, तेव्हा या तुकड्यात कोवळा हिरवा चारा उभा असतो. साहजिकच हरणे तेथे जमतात. शिकाऱ्याकडे परवाना असतो आणि किती जनावरे मारायची याची मर्यादा सरकार ठरवते.

आपल्याकडे ही गोष्ट शक्य नाही आणि कायद्याने मान्यही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. परंतु या पद्धतीमागचे तत्त्व आपल्याला उपयोगी आहे. ते तत्त्व असे : सभोवतालचा चारा जून झाला की हरीण सर्वांत कोवळ्या आणि प्रथिनयुक्त चाऱ्याकडे वळते.

आता आपल्या शिवाराकडे पाहावे. कार्तिक-मार्गशीर्षात माळावरचे गवत पिवळे पडते, कुसळी कडक होते आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या शेतात हरभरा, गहू, लसूणघास किंवा उन्हाळी भाजीपाल्याची रोपे हिरवीगार असतात. म्हणजे हरणांना बोलावणारा चाऱ्याचा पट्टा आपण नकळत आपल्याच शेतात तयार करून ठेवलेला असतो. पिकाचे नुकसान कमी करायचे असेल, तर हे आकर्षण दुसरीकडे निर्माण केले पाहिजे आणि शेताकडे येणे अवघड केले पाहिजे. ही दोन्ही कामे एकत्र झाली तरच उपयोग होतो.

आधी प्राणी ओळखा

नुकसान कोणी केले हे न पाहता उपाय केल्यास खर्च वाया जातो. आपण सरसकट 'हरीण' म्हणतो, पण त्यात दोन वेगळे गट आहेत. चितळ, सांबर, भेकर ही मृगवर्गातील जनावरे होत. यांच्या नराची शिंगे भरीव असून ठरावीक काळाने गळतात व पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा व नीलगाय (रोही) हे कुरंगवर्गातील प्राणी होत. यांची शिंगे पोकळ असून कायम राहतात. नाशिक जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात माळरानावरचे प्राणी म्हणजे काळवीट आणि चिंकारा. येवला तालुक्यातील राजापूर-ममदापूर परिसर काळविटांसाठी प्रसिद्ध असून तेथे ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

काळवीट प्रामुख्याने गवत खाते, मोकळ्या माळावर कळपाने राहते आणि दाट झाडी टाळते. चिंकारा लहान चणीचा असून एकटा किंवा चार-पाचांच्या गटात फिरतो. तो गवताबरोबर बोरीसारख्या झुडपांचा पाला व शेंगा खातो आणि पाण्यावाचून बराच काळ राहू शकतो. म्हणून काळविटासाठी मोकळा गवताळ पट्टा, तर चिंकाऱ्यासाठी गवत आणि झुडपे यांचे मिश्रण उपयुक्त ठरते.

नुकसान ओळखण्याच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत.

१) हरणवर्गीय प्राण्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे खाल्लेला शेंडा ओढून तोडल्यासारखा, फाटलेल्या कडेचा दिसतो.

२) ससा किंवा उंदीर-घुशीने कुरतडलेला देठ चाकूने तिरपा कापल्यासारखा स्वच्छ दिसतो.

३) रानडुक्कर जमीन उकरते, भुईमूग व कंद काढून खाते आणि ताटे आडवी पाडते. मऊ जमिनीत त्याच्या खुरांच्या मागे दोन छोट्या टाचांचे ठसे उमटतात.

४) काळवीट व चिंकाऱ्याचे खूर अरुंद व टोकदार असतात. त्यांच्या लेंड्या एका ठिकाणी पुष्कळ सापडतात.

नुकसान रानडुकराचे असेल, तर गवताचा पट्टा त्यावर उपाय नाही. तेथे कुंपण आणि राखण यांवरच भर द्यावा लागतो.

जागेची निवड

या उपायाचे यश निम्म्याहून अधिक जागेवर अवलंबून आहे. चुकीच्या जागी केलेला पट्टा हरणांना पिकाची वाट दाखवितो. म्हणून पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्यात.

१) पट्टा पिकाला लागून करू नये. हरणांच्या दिवसा बसण्याच्या जागेजवळ आणि पिकापासून शक्यतो अर्धा किलोमीटर किंवा त्याहून अधिक दूर तो असावा.

२) हरणांच्या येण्या-जाण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. आठ-दहा दिवस सकाळी लवकर ठसे पाहून त्या वाटा कागदावर काढाव्यात. पट्टा शेतापलीकडे नव्हे, तर शेतात येण्यापूर्वी लागेल अशा ठिकाणी घ्यावा.

३) पट्टा आणि हरणांची बसण्याची जागा यांच्यामध्ये मोठा रस्ता, खोल चारी किंवा उघडी विहीर नसावी.

४) वस्ती व मोकाट कुत्र्यांपासून जागा दूर असावी. कुत्री जेथे पाठलाग करतात तेथे हरणे चरत नाहीत.

५) मुरमाड, उथळ व पिकाला न परवडणारी जमीन यासाठी चालते. सुपीक जमीन गुंतवू नये.

एकट्या शेतकऱ्याने दहा-वीस गुंठ्यांत केलेल्या पट्ट्याचा फारसा उपयोग होत नाही. तीन-चार शेजाऱ्यांची पड जमीन किंवा गावाचे गायरान यासाठी घ्यावे. गायरानावर काम करण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव आणि महसूल खात्याची परवानगी घ्यावी. वनजमिनीवर बी टाकणे, चर खोदणे किंवा पाणवठा बांधणे ही कामे वनविभागाच्या परवानगीशिवाय करू नयेत.

किती क्षेत्र लागेल ?

याचा साधा हिशेब करता येतो. साधारण ३० किलो वजनाच्या काळविटाला दररोज सुमारे एक किलो सुका चारा (कोरड्या वजनाने) लागतो. २० जनावरांचा कळप धरला, तर दिवसाला २० किलो आणि रब्बीच्या १०० दिवसांना २,००० किलो म्हणजे दोन टन चारा लागेल. मध्यम पावसात उथळ जमिनीवर सुधारित गवताचे हेक्टरी चार टन सुके उत्पादन धरले आणि त्यातला निम्मा भाग तुडविणे, वाळणे व पुढील फुटव्यासाठी सोडला, तर दोन टन उरतात. म्हणजे २० जनावरांच्या कळपास सुमारे एक हेक्टर क्षेत्र लागते.

आता याच क्षेत्रावर गावची २० गुरे मोकाट सोडली तर काय होईल ? एका मध्यम गाईला दिवसाला सुमारे सात किलो सुका चारा लागतो. २० गाईंना १४० किलो. दोन टन चारा दोन आठवड्यांत संपेल. म्हणून ज्या गावात चराईबंदी पाळली जात नाही, त्या गावात हरणांसाठी पट्टा करणे म्हणजे बियाणे वाया घालविणे होय. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून गवताचे क्षेत्र पुन्हा उभे केले. गवत कापून आणावे, गुरे सोडू नयेत, हा त्यांचा नियम या कामालाही लागू आहे.

गवताची व चाऱ्याची निवड

पट्ट्यात एकच गवत न घेता गवत आणि द्विदल चारा यांचे मिश्रण करावे. गवत भरपूर चारा देते, तर द्विदल पिके प्रथिने पुरवितात आणि जमिनीत नत्र स्थिर करतात.

*मारवेल :* मध्यम व भारी जमिनीस योग्य. पाने मऊ व चविष्ट. कापल्यावर ओलावा असेल तर चांगले फुटते. 'फुले मारवेल-१' हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा वाण आहे.

*अंजन :* हलक्या, मुरमाड जमिनीत व कमी पावसात तग धरते. एकदा लावले की अनेक वर्षे टिकते.

*पवना, शेडा व डोंगरी :* आपल्या डोंगरउतारावरची मूळची गवते. यांचे बी जवळच्या राखलेल्या कुरणातून गोळा करता येते. स्थानिक बी स्थानिक हवामानात टिकते, म्हणून शक्य तेथे याला पहिली पसंती द्यावी.

*स्टायलो :* बहुवर्षायू द्विदल चारा. हलक्या जमिनीत येतो आणि गवत वाळल्यानंतरही काही काळ हिरवा राहतो. याच गुणामुळे आपल्या कामासाठी तो महत्त्वाचा आहे. 'फुले क्रांती' हा याचा सुधारित वाण आहे.

*चवळी व मटकी :* पहिल्या वर्षी गवत लहान असताना ओळींमध्ये घेता येतात. चाऱ्याच्या चवळीचा 'श्वेता' हा वाण उपलब्ध आहे.

*ओट व लसूणघास :* थोड्या पाण्याची सोय असेल तरच, पट्ट्याच्या मध्यभागी चार-पाच गुंठ्यांत घ्यावे. ओटाचा 'फुले हरिता' व लसूणघासाचा 'आर.एल.-८८' हे वाण आहेत.

काही पिके मात्र टाळावीत. चाऱ्याची ज्वारी या पट्ट्यात पेरू नये. पाण्याच्या ताणात वाढलेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि चरणाऱ्या जनावरास विषबाधा होते. वेडी बाभूळ कोणत्याही परिस्थितीत लावू नये. तिच्या शेंगा हरणे खातात आणि लेंड्यांतून बी सर्वत्र पसरते. गवताळ माळ दाट झाडीने भरला की काळवीट तेथून निघून जाते. म्हणून काळविटाच्या माळावर वृक्षलागवडीचा उत्साहही आवरावा. घाणेरी आणि गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटून टाकावे.

लागवडीची पद्धत

*पूर्वमशागत :* उतारावर नांगरट करू नये, माती वाहून जाते. समपातळीत चर घेऊन त्यांच्या मधल्या पट्ट्यात हलकी वखरणी करावी. सपाट जागी एक उभी-आडवी वखरपाळी पुरे. हेक्टरी पाच टन शेणखत मिसळावे.

*बियाणे :* गवताचे ताजे बी लगेच उगवत नाही. अंजनाचे बी सहा महिने ते एक वर्ष साठविलेले असावे. अंजन हेक्टरी पाच किलो पुरेसे होते. स्टायलोचे बी कठीण कवचाचे असल्याने ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात चार मिनिटे बुडवून काढावे, नंतर रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत सुकवावे. मिश्र लागवडीत अंजन तीन किलो व स्टायलो चार ते पाच किलो घ्यावे. दोन ओळी गवत व एक ओळ स्टायलो, ओळींतील अंतर ४५ सें.मी. ठेवावे.

*गोळ्या करणे :* गवताचे बी हलके असल्याने वाऱ्याने उडते व मुंग्या वाहून नेतात. एक भाग बी, एक भाग शेणखत, तीन भाग चिकणमाती व एक भाग वाळू पाण्यात कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या कराव्यात व सावलीत वाळवाव्यात. खडकाळ उतारावर या गोळ्या पहिल्या पावसापूर्वी टाकल्या तरी चालतात.

*पेरणी :* मोसमी पावसाची चांगली ओल झाल्यावर जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावे. बी एक ते दीड सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. पेरल्यावर काटेरी फांदी हलकेच ओढली तरी बी झाकले जाते.

*ठोंब लावणे :* मारवेल बियांपेक्षा ठोंबाने चांगले येते. दोन-तीन फुटव्यांचे ठोंब ४५ × ३० सें.मी. अंतरावर लावावेत. हेक्टरी सुमारे ७४ हजार ठोंब लागतात. रिमझिम पाऊस असताना लागवड केल्यास मर कमी होते.

*खते :* लागवडीच्या वेळी हेक्टरी ३० किलो स्फुरद (सुमारे १९० किलो सिंगल सुपर फॉस्फेट) द्यावे. एक महिन्याने २० किलो नत्र (सुमारे ४३ किलो युरिया) पावसाची ओल असताना फक्त गवताच्या ओळींना द्यावे.

*पहिले वर्ष :* पहिल्या वर्षी पट्टा पूर्ण बंद ठेवावा. गवताला बी धरू द्यावे आणि ते जमिनीवर पडू द्यावे. भोवती काटेरी डहाळ्यांचे कुंपण करावे. या वर्षी हरणे थोपविण्याचा परिणाम दिसेल अशी अपेक्षा करू नये. पट्टा खऱ्या अर्थाने दुसऱ्या पावसाळ्यापासून कामास येतो.

कापणीचे गणित

या उपायातील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे कापणीची वेळ होय. वाळलेले गवत हिरव्या हरभऱ्याशी स्पर्धा करू शकत नाही. तेव्हा पट्ट्यातले गवत सगळेच सप्टेंबरमध्ये फुलोऱ्यावर येऊन नोव्हेंबरमध्ये वाळू दिले, तर हरणे पट्ट्यातून पुढे सरळ शेतात येतील. हे टाळण्यासाठी पट्ट्याचे तीन भाग करावेत.

पहिला भाग ऑगस्टअखेरीस जमिनीपासून १० ते १५ सें.मी. उंची ठेवून कापावा. परतीच्या पावसावर त्यास कोवळा फुटवा येतो आणि तो ऑक्टोबरमध्ये हरणांना मिळतो. दुसरा भाग सप्टेंबरअखेरीस कापावा, म्हणजे जमिनीतील ओलीवर त्याचा फुटवा हरभरा उगवण्याच्या सुमारास येतो. तिसरा भाग न कापता उभा ठेवावा. त्यात आडोसा मिळतो, बी तयार होते आणि पुढच्या वर्षीची सोय होते. दरवर्षी भाग बदलावेत.

कापलेले गवत गुरांसाठी पेंढ्या बांधून न्यावे. चाऱ्याचा हा वाटा ज्यांनी श्रमदान केले त्यांना मिळाला, तर गावाचा सहभाग टिकतो. कापणीपूर्वी एक माणूस पट्ट्यातून सावकाश फिरवावा. काळवीट व चिंकाऱ्याची मादी नवजात पिलू गवतात लपवून चरायला जाते. असे पिलू दिसल्यास उचलून घरी आणू नये. ते पोरके नसते. तेवढी जागा सोडून कापणी करावी, आई परत येते.

पाणवठा आणि विहिरी

उन्हाळ्यात चाऱ्याइतकेच पाणी महत्त्वाचे असते. पाण्याच्या शोधात हरणे वस्तीजवळ येतात. मग विहिरीत पडणे, कुत्र्यांनी फाडणे, रस्त्यावर वाहनाखाली सापडणे असे प्रकार घडतात. पट्ट्याजवळ बशीच्या आकाराचा, सर्व बाजूंनी हलक्या उताराचा उथळ पाणवठा करावा. उभ्या भिंतींची टाकी करू नये, त्यात पिले बुडतात. पाणी आठवड्यातून एकदा बदलावे. गुरांचा हौद वेगळा ठेवावा आणि गुरांना लाळ्या-खुरकूत, तसेच शेळ्या-मेंढ्यांना पी.पी.आर. रोगाची लस वेळेवर टोचून घ्यावी. पाळीव जनावरांचे रोग रानातील जनावरांत जातात.

शिवारातील कठडा नसलेल्या विहिरींना किमान काटेरी कुंपण तरी घालावे. विहिरीत पडलेले हरीण स्वतः दोराने ओढून काढू नये. घाबरलेले जनावर धक्क्यानेही मरते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकास कळवावे.

शेताकडची बाजू

पट्टा केला म्हणून शेत उघडे ठेवून चालत नाही. शेताच्या बाजूने पुढील उपाय योजावेत.

१) हरभरा, गहू यांच्याभोवती काटेरी करडईच्या चार-पाच ओळी घ्याव्यात. ही आपल्याकडील जुनी पद्धत असून करडईचे उत्पन्नही मिळते. मात्र करडई मोठी व काटेरी होईपर्यंत, म्हणजे पहिला महिना-दीड महिना, राखण आवश्यक आहे.

२) बांधावर घायपात, शेर, सागरगोटा यांचे जिवंत कुंपण करावे. ते तयार होण्यास तीन-चार वर्षे लागतात, म्हणून आजच सुरुवात करावी.

३) आवाज, प्रकाश, साड्या या उपायांची जनावरांना लवकर सवय होते. दर चार-पाच दिवसांनी जागा आणि प्रकार बदलावा.

४) सौर कुंपणात यंत्राद्वारे क्षणभराचे झटके दिले जातात. त्याने जनावर मरत नाही. प्रमाणित यंत्रच वापरावे आणि अनुदानाबाबत वनविभाग व कृषी विभागाकडे चौकशी करावी. वीजवाहिनीवरून तारेत थेट प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसे मेलेली आहेत.

५) शेजाऱ्यांनी हरभऱ्याची पेरणी एकाच आठवड्यात करावी. एकट्याचेच शेत आधी किंवा उशिरा हिरवे असले, तर सर्व भार त्याच्यावर पडतो.

कायदा काय सांगतो ?

काळवीट व चिंकारा हे दोन्ही प्राणी वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार सिद्ध झाल्यास किमान ३ व कमाल ७ वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड होतो. दंडाची ही रक्कम २०२२ च्या दुरुस्तीने वाढविण्यात आली. कायद्यातील 'शिकार' या शब्दाचा अर्थ गोळी घालणे एवढाच नाही. फास लावणे, विष घालणे, पकडणे, आमिष दाखविणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे शिकारीतच मोडते. म्हणून चाऱ्याच्या पट्ट्यात कोणी फास किंवा जाळे लावलेले आढळल्यास ते ताबडतोब वनविभागास कळवावे. आपल्या पट्ट्याचा वापर दुसऱ्याने शिकारीसाठी केला, तर संशय आपल्यावरही येऊ शकतो.

नुकसान झाल्यास

वन्यप्राण्यांनी केलेल्या पीक नुकसानीबद्दल राज्य शासन भरपाई देते. यासाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. अनेक शेतकरी पहिल्या नुकसानीकडे दुर्लक्ष करतात आणि पीक पूर्ण गेल्यावर अर्ज करतात. तोपर्यंत मुदत निघून गेलेली असते. अर्जाबरोबर सातबारा उतारा, बँक खात्याचा तपशील आणि नुकसानीची छायाचित्रे जोडावीत. पंचनामा होईपर्यंत शेत नांगरू नये किंवा दुबार पेरू नये. पंचनाम्यात ठसे, लेंड्या व खाल्लेल्या शेंड्यांची नोंद करून घ्यावी.

पट्ट्याचा उपयोग होतो का, हे कसे पाहावे ?

उपाय उपयोगी ठरतो की नाही हे अंदाजाने ठरवू नये. पट्ट्यात दोन-तीन ठिकाणी एक मीटर लांबी-रुंदीचे जाळीचे पिंजरे जमिनीत पक्के रोवावेत. पिंजऱ्याच्या आतील व बाहेरील गवताची उंची दर पंधरा दिवसांनी मोजावी. बाहेरचे गवत खाल्ले जात असेल, तर फरक दिसेल. त्याच दिवशी शेतातील ठरावीक चार ओळींत खुडलेली रोपे मोजून वहीत लिहावीत. पट्ट्यात चराई वाढली आणि शेतातील खुडलेली रोपे कमी झाली, तर उपाय योग्य दिशेने आहे. पट्ट्यातही चराई आणि शेतातही नुकसान वाढले, तर पट्टा पिकाच्या फार जवळ आहे असे समजावे आणि पुढील वर्षी जागा बदलावी. पट्ट्यात चराईच नसेल, तर कुत्री, माणसांची वर्दळ किंवा जून झालेले गवत हे कारण तपासावे.

महिनावार कामे

एप्रिल-मे : जागा ठरविणे, ग्रामसभेचा ठराव, चर खोदणे, बियाण्याच्या गोळ्या करणे, पाणवठ्यात पाणी टाकणे.

जून-जुलै : पेरणी व ठोंब लावणे, स्फुरद खत, बांधावर जिवंत कुंपणाची लागवड.

ऑगस्ट : नत्राचा हप्ता, गाजरगवत उपटणे, दुसऱ्या वर्षापासून पहिल्या भागाची कापणी.

सप्टेंबर-ऑक्टोबर : दुसऱ्या भागाची कापणी, करडईच्या ओळींसह रब्बी पेरणीची तयारी.

नोव्हेंबर-जानेवारी : राखण, पिंजऱ्यातील मोजणी, नुकसान झाल्यास तीन दिवसांत अर्ज.

फेब्रुवारी-मार्च : उभ्या भागातील बी गोळा करणे, पट्ट्याभोवती तीन मीटर रुंदीचा जाळपट्टा स्वच्छ करणे, वणव्यावर लक्ष ठेवणे.

शेतकरी बंधूंनो, माळावरचे गवत आपण चरून, जाळून आणि नांगरून कमी केले, तेव्हा हरणांची वाट आपल्या हरभऱ्याकडे वळली. ती वाट फासाने बंद होणार नाही. एक हरीण मेले तरी पुढच्या रात्री दुसरे येते आणि खटला मात्र आपल्यावर राहतो. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी चार शेजाऱ्यांनी एकत्र बसावे, पड जमिनीचा एक तुकडा निश्चित करावा आणि एक हेक्टरपासून सुरुवात करावी. पहिल्या वर्षी राखण सोडू नये. दुसऱ्या वर्षी वहीतील आकडे पाहून क्षेत्र वाढवावे. बियाणे, ठोंब व लागवडीच्या माहितीसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयाशी संपर्क साधावा.